पश्चिमेचं ऊन आणि द्राक्षाचा वास

फेब्रुवारीच्या शेवटी दिंडोरीकडच्या एखाद्या वाइन द्राक्षाच्या बागेत दुपारी साडेतीनला उभं राहावं. ओळ उत्तर-दक्षिण असेल तर वेलीच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू चाललेले असतात. पूर्वेकडचा घड हाताला कोमट लागतो, पश्चिमेकडचा चक्क तापलेला. हवा ३२ अंशांवर असताना उन्हातल्या काळ्या, गच्च घडाचा मणी त्याच्या १० ते १२ अंश वर गेलेला असतो. वारा पडला असेल तर आणखी वर. दोन्ही बाजूंचा एकेक मणी तोडावा, गर थुंकून टाकावा आणि नुसती साल अर्धा मिनिट दाढेखाली धरावी. गोडीत फारसा फरक नसतो. पूर्वेकडच्या सालीत फळाचा ताजा वास असतो, पश्चिमेकडच्या सालीत आटवलेल्या मोरंब्याचा. द्राक्षाचा वास बहुतांश सालीत आणि सालीलगतच्या पातळ थरात असतो, आणि ऊन पहिल्यांदा भाजतं ते तिथेच.

मणी तापतो पण घामेजत नाही, हे इथलं मूळ दुखणं. पानाला पर्णरंध्रं असतात. मुळाशी पाणी असेल तर पान बाष्प सोडून स्वतःला हवेच्या तापमानाच्या आसपास ठेवतं. मण्याच्या सालीवरची मोजकी रंध्रं पाणी उतरेपर्यंत, म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागेपर्यंत, निकामी झालेली असतात, वर मेणाचा थर चढलेला असतो. त्यामुळे बागेला पाणी वाढवलं की पानं थंड होतात, मणी तसाच तापत राहतो. त्याला वारा हवा, नाहीतर सावली.

सावलीबद्दल द्राक्षाच्या जगात प्रचलित असलेला सल्ला मात्र नेमका उलटा आहे: घडाजवळची पानं काढा, ऊन आत येऊ द्या. हा सल्ला चुकीचा नाही, पण तो थंड मुलखातून आला आहे. द्राक्षशास्त्रज्ञ रिचर्ड स्मार्ट यांनी १९८०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये वेलीच्या पसाऱ्याचं जे काम केलं, त्यातली एक रीत आजही उपयोगी आहे. पातळ सळई घडांच्या पट्ट्यातून आरपार खुपसायची, असं ५० वेळा करायचं, आणि दर वेळी ती किती पानांना लागली, किती घडांना लागली, किती वेळा काहीच न लागता पार झाली हे लिहून ठेवायचं. सरासरी एक ते दीड पान, निम्म्याहून जास्त घड बाहेरच्या बाजूला, २० ते ४० टक्के वेळा सळई मोकळी पार, हे तिथलं आदर्श गणित. तिथे ऊन कमी, पाऊस जास्त आणि घड कुजण्याची भीती मोठी. शिवाय ऑगस्टनंतर युरोपात आणि फेब्रुवारीनंतर न्यूझीलंडमध्ये उन्हाचा जोर ओसरत जातो, म्हणजे द्राक्ष पिकतं ते थंड होत जाणाऱ्या दिवसांत.

नाशिकमध्ये घड्याळ उलटं चालतं. सप्टेंबर-ऑक्टोबरला फळछाटणी, डिसेंबरात कोवळा मणी, जानेवारीच्या सुमारास पाणी उतरणं, आणि काढणी जानेवारीअखेर ते मार्च. म्हणजे मण्याचं बालपण कडाक्याच्या थंडीत जातं आणि पिकणं चढत्या उन्हात. कॅलिफोर्नियातल्या सॅन व्होकिन खोऱ्यात किंवा ऑस्ट्रेलियातल्या रिव्हरलँडमध्ये ऊन आपल्याहून कडक असतं, पण तिथेही पिकण्याच्या शेवटच्या टप्प्यात ते उतरणीला लागतं. त्यामुळे पानं काढण्याचं न्यूझीलंडचं वेळापत्रक इथे जसंच्या तसं उचललं की मार्चमधला घड भट्टीत सापडतो.

सावलीबद्दलचे बहुतेक वाद सुरू होतात ते प्रकाश आणि उष्णता यांना एकच समजल्यामुळे. घड उन्हात आला की दोन्ही एकदम मिळतात, म्हणून कुठल्या गोष्टीने काय झालं हे डोळ्यांना कळत नाही. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मर्लो या लाल वाइनच्या जातीवर केलेला आणि २००२ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या गाठीसाठीच होता. उन्हातल्या घडांवर थंड हवा सोडून त्यांना सावलीतल्या घडांइतकं गार ठेवलं, आणि सावलीतल्या घडांवर गरम हवा सोडून त्यांना उन्हातल्यांइतकं तापवलं. लाल रंगद्रव्य घटत होतं ते उष्णतेने. फ्लेव्होनॉल नावाची, मण्याला ऊन सोसायला मदत करणारी द्रव्यं वाढत होती ती प्रकाशाने, तापमान काहीही असो. दोन वर्षांनी, २००४ मध्ये, ऑस्ट्रेलियात शिराज या जातीचे घड हवा खेळती राहील अशा अपारदर्शक डब्यांत वाढवले गेले. अंधारातही शिराजने रंग धरला, पण फ्लेव्होनॉल जवळजवळ नाहीशी झाली.

प्रकाश किती लागतो, तर आश्चर्य वाटेल इतका थोडा. भर दुपारी पूर्ण ऊन म्हणजे चौरस मीटरला सेकंदाला साधारण २,००० मायक्रोमोल प्रकाशकण. सॅन व्होकिन खोऱ्यात कॅबर्ने सोव्हिन्यों आणि ग्रनाश या जातींच्या घडांवर मोजलं, तेव्हा दुपारच्या उन्हाच्या बाजूला सुमारे १०० मायक्रोमोलपर्यंत रंग वाढला आणि त्यापुढे घसरू लागला. शंभर म्हणजे पूर्ण उन्हाचा विसावा हिस्सा. विरळ पानांमधून जे कवडसे घडावर हलत राहतात, त्यात एवढा प्रकाश सहज मिळतो. त्यापुढचं सगळं ऊन घडाच्या दृष्टीने फक्त ताप.

आता वासाकडे. द्राक्षाचा वास हे एक द्रव्य नाही. निदान पाच घराणी आहेत आणि प्रत्येकाचं उन्हाशी नातं वेगळं आहे. बागायतदार "सावलीने वास वाढतो का?" असं विचारतो तेव्हा खरा प्रतिप्रश्न "कोणता वास?" असा असायला हवा.

मस्कत जातींचा गुलाबासारखा, संत्र्याच्या फुलासारखा वास मोनोटर्पीन घराण्याचा: लिनालूल, जेरानिऑल, नेरॉल. तमिळनाडूच्या कंबम खोऱ्यातल्या ज्या द्राक्षाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं नाव पन्नीर, म्हणजे गुलाबपाणी. तेही मस्कतच्याच कुळातलं. हे घराणं प्रकाश मागतं. अतिनील किरणांसकट प्रकाश सालीवर पडला तर लिनालूल तयार करणारी यंत्रणा चालू होते. घड दाट पानांत किंवा जाड पिशवीत कोंडला तर ती मंदावते. पण तयार झालेलं मोकळं लिनालूल उडून जाणारं असतं, आणि तापलेल्या सालीतून ते लवकर जातं. बरंचसं टर्पीन साखरेच्या रेणूला बांधलेल्या रूपात साठतं. त्याला वास नसतो, ते पुढे रसातलं आम्ल, विकरं आणि काळ यांच्या हातून सुटतं. म्हणून मस्कत जातीसाठी गर्द सावलीही नुकसानीची आणि उघडं पश्चिमेचं ऊनही. तिला उजेड हवा, पण गार उजेड. सकाळचं ऊन आणि दुपारी विरळ सावली देणारी जाळी, हा तिचा आहार. कंबममध्ये वेल मांडवावर असते आणि घड खाली लोंबतात. वरचं छत फार गर्द होऊ दिलं नाही तर ही रचना आपोआपच गार उजेड देते.

दुसरं घराणं मेथॉक्सिपायराझीनचं, कच्च्या ढोबळी मिरचीच्या वासाचं. कॅबर्ने, मर्लो, सोव्हिन्यों ब्लाँ यांत ते असतं आणि त्याची ताकद अफाट आहे. शंभर कोटी लिटर पाण्यात दोन ग्रॅम मिसळलं तरी नाकाला कळावं, इतकी. लाल वाइनमध्ये त्याहून पाच-सात पट लागतं, तरी ते काहीच नाही. हे द्रव्य पाणी उतरण्याच्या दोन-तीन आठवडे आधी कळसाला पोचतं आणि मग उतरत जातं. ऊन त्याला आवरतं ते मुख्यतः वर चढण्याच्या काळात. कोवळा घड सावलीत असेल तर साठा मोठा होतो. पाणी उतरल्यावर पानं काढून तो साठा झपाट्याने रिकामा होईल ही आशा फोल. नाशिकच्या वेळापत्रकात हा चढण्याचा काळ नेमका डिसेंबरच्या थंडीत येतो, म्हणून इथली काही कॅबर्ने मार्चच्या उन्हात पिकूनही मिरचीसारखी वास मारते आणि बनवणारा गोंधळतो. दोष मार्चमधल्या सावलीचा नसतो, डिसेंबरमधल्या पानांच्या गर्दीचा असतो.

सावलीचं प्रमाण सगळे विचारतात, तारीख कमी जण विचारतात. कॅबर्नेसाठी डिसेंबरात घड उघडा हवा आणि फेब्रुवारीत झाकलेला. पानांनी हे साधत नाही, कारण तोडलेलं पान परत लावता येत नाही. घडाजवळ नवी पानं आणायची तर बगलफुटी, म्हणजे पानांच्या बगलेतून येणाऱ्या फुटी, राखाव्या लागतात आणि त्यांनी पुन्हा गर्दी होते. म्हणून पहिलं काम पानकाढणीचं, दुसरं जाळीचं.

उरलेली घराणी थोडक्यात. कॅरोटिनॉइड ही पिवळी-केशरी रंगद्रव्यं तुटून होणारी नॉरआयसोप्रेनॉइडं ही तिसरी. त्यांतलं बीटा-डॅमासिनोन वाइनला फळाची गोडसर भर देतं, पण त्यांच्यातच रिस्लिंग या जातीत रॉकेलसारखा वास देणारं एक द्रव्य आहे, ते उन्हातल्या घडात वाढतं. दक्षिण आफ्रिकेत १९९०च्या आसपास हे स्पष्ट झालं. जुन्या रिस्लिंगमध्ये हा वास थोडा असला तर शौकीन खूश होतात. उष्ण मुलखात तो पहिल्याच वर्षी बाटलीत हजर होतो, तेव्हा कोणी खूश होत नाही. रिस्लिंगला सावली द्यावी, एवढंच. चौथं रोटंडोन, शिराजमधला मिरीचा वास. स्वयंपाकघरातल्या काळ्या मिरीत असतं तेच हे द्रव्य. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियात ओळखलं गेलं. मणी २५ अंशांच्या वर जितके तास राहील तितकं ते कमी होतं, आणि घडाच्या सावलीकडच्या मण्यांत जास्त सापडतं. शिराजमध्ये मिरी हवी असेल तर पश्चिमेची बाजू झाकण्याला पर्याय नाही. गंमत म्हणजे सुमारे पाचांतल्या एका माणसाला हा वास येतच नाही, म्हणून चाखायला एकट्याने बसू नये. पाचवं घराणं थायॉलचं, सोव्हिन्यों ब्लाँमधल्या पिकल्या पेरूचं आणि पपनसाचं. त्याचा कच्चा माल द्राक्षात असतो, वास यीस्ट मोकळा करतं. इथे सावलीपेक्षा एक साधी गोष्ट जास्त घात करते: काढणीच्या तोंडावर मारलेली बोर्डो मिश्रणाची किंवा दुसरी तांब्याची फवारणी. रसात उतरलेलं तांबं थायॉलला धरून बसतं आणि पेरू गायब होतो.

सावली द्यायच्या साधनांत सगळ्यात स्वस्त साधन लागवडीच्या दिवशीच हातातून निसटतं: ओळीची दिशा. उत्तर-दक्षिण ओळीला सकाळ-दुपार समान ऊन मिळतं, पण दुपारी हवा आधीच तापलेली असते, म्हणून पश्चिमेची बाजू भाजते. ओळ ईशान्य-नैर्ऋत्य अशी थोडी वळवली तर नाशिकच्या अक्षांशावर हिवाळ्या-वसंतातलं दुपारचं ऊन ओळीच्या रेषेत उतरतं आणि थेट घडावर कमी पडतं. उभ्या भिंतीसारख्या पसाऱ्यात हा फरक जास्त जाणवतो. वाय (Y) आकाराच्या आधाराच्या पद्धतीत फांद्या दोन्हीकडे झुकलेल्या असल्याने घडांना डोक्यावरून थोडं छत मिळतं.

बाग उभी असेल तर पानांपासून सुरुवात. मणी बाजरीएवढा ते ज्वारीएवढा असताना, म्हणजे फळधारणेनंतर लगेच, फक्त पूर्वेच्या बाजूची घडासमोरची दोन-तीन पानं काढावीत. त्या वेळी नाशिकमध्ये थंडी असते, कोवळी साल हळूहळू उन्हाला सरावते, फ्लेव्होनॉलचा थर धरते. हेच काम पाणी उतरल्यावर, एखाद्या कडक दिवशी, एकदम केलं तर सावलीत वाढलेली साल दोन दिवसांत तपकिरी पडते. बागेत दिसणारं बरंचसं सनबर्न हे उन्हाचं कमी आणि अशा उशिरा आठवण झालेल्या पानकाढणीचं जास्त असतं. पश्चिमेच्या बाजूला घडासमोर सळई खुपसली तर सरासरी दीड ते दोन पानं लागायला हवीत. तीन लागली तर घड जवळजवळ अंधारात आहे असं समजावं, कारण एक पान त्याच्यावर पडलेल्या उपयोगी प्रकाशापैकी दहा टक्क्यांहूनही कमी पलीकडे सोडतं. पानं काढताना हिशेबही राहू द्यावा: एक ग्रॅम फळ पिकवायला ८ ते १२ चौरस सेंटिमीटर पान लागतं. त्याखाली गेलं की साखर रखडते आणि वासाची वाट पाहत घड उन्हात आणखी दोन आठवडे लटकतो.

एक भेद इथे नोंदवायला हवा, कारण तो बहुतेकदा सुटतो. पानाची सावली आणि जाळीची सावली वेगळी. पान लाल आणि निळा प्रकाश खाऊन टाकतं आणि दूरचा लाल, म्हणजे डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल, पलीकडे सोडतं. अशा सावलीत वेलीला गर्दीचा संदेश मिळतो, आतली पानं निकामी होतात, रसात पोटॅशियम आणि सामू वाढतात, आणि वाइन चपटी लागते. पांढरी किंवा मोतिया जाळी सगळे रंग साधारण सारखेच कमी करते. म्हणून "आमच्या बागेत पानांची सावली भरपूर आहे, जाळी कशाला?" हा युक्तिवाद टिकत नाही.

जाळी निवडताना बाजारात पहिल्यांदा हाताला लागते ती हिरवी ५० टक्क्यांची, रोपवाटिकेवरची. ती घेऊ नये. ५० टक्के हे प्रमाण पानांना जास्त होतं, आणि हिरवा रंग पानाला हवा तोच प्रकाश अडवतो. २० ते ३५ टक्क्यांची पांढरी जाळी पुरते. पानाची भूक पूर्ण उन्हाच्या निम्म्याच्या आतच भागते, त्यामुळे ३० टक्के कापल्यावर उरलेले १,४०० मायक्रोमोल त्याला भरपूर असतात. कॅलिफोर्नियातल्या नापा खोऱ्यात ओकव्हिल इथल्या विद्यापीठाच्या बागेत कॅबर्नेवर रंगीत जाळ्या लावून पाहिल्या, तेव्हा २० ते ४० टक्क्यांच्या जाळ्यांखाली आम्ल आणि रंगद्रव्यांचा ऱ्हास कमी झाला.

जाळी पूर्ण बागेवर ताणायची गरज नाही. ७५ ते ९० सेंटिमीटर रुंदीची पट्टी, घडांच्या पट्ट्यासमोर, फक्त पश्चिमेच्या बाजूला. वरची कड घडांच्या वरच्या तारेला क्लिपने, खालची मोकळी किंवा ठिबकच्या तारेला सैल. घडाला चिकटू देऊ नये. मधे वीतभर अंतर नसेल तर जाळीमागे हवा कोंडते आणि सावली असूनही मणी तापतो. क्लिप अशा असाव्यात की फवारणीच्या दिवशी एका माणसाने चालत चालत पट्टी वर गुंडाळून ठेवता यावी. हे जमलं नाही की औषध जाळीवर बसतं, घडावर नाही, आणि मग भुरी हा पांढऱ्या बुरशीचा रोग येतो. भुरीला सावली आवडते, थेट ऊन आणि अतिनील किरण तिला मारतात. जाळी लावलेल्या ओळींत भुरीची पाहणी दर तिसऱ्या-चौथ्या दिवशी, घड उलटून, आतल्या देठापर्यंत करावी. मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूणही अशाच आडोशाला जमतो. अवकाळीचा अंदाज असेल तर पट्टी वर करून घड वाळू द्यावा.

लावायची वेळ पाणी उतरायला सुरुवात झाल्यावर. त्याआधी लावली तर कॅबर्नेत ढोबळी मिरची साठते आणि मस्कतमध्ये टर्पीनचा पाया कच्चा राहतो. फक्त सोव्हिन्यों ब्लाँमध्ये, तिचा हिरवा वास थोडा राखायचा असेल तर, आठ-दहा दिवस आधी लावायला हरकत नाही. जाळीमुळे साखर चढायला उशीर होतो. आम्ल टिकून राहतं, म्हणून तो उशीर सोसवतो. मात्र मजुरांची टोळी आणि वायनरीची टाकी आधीच ठरलेली असेल तर हे गणित सुरुवातीलाच सांगून ठेवावं.

केओलिन ही दुसरी वाट. पांढऱ्या मातीची बारीक पूड, १०० लिटर पाण्यात ३ ते ५ किलो, ढवळत राहून, पश्चिमेच्या घडपट्ट्यावर, दोन आठवड्यांच्या अंतराने दोनदा. ऊन परतवते, मणी काही अंश गार राहतो. टाकीतलं ढवळणं बंद पडलं की पूड तळाशी बसते, नोझल तुंबतं आणि पहिल्या ओळी पांढऱ्याफेक तर शेवटच्या कोऱ्या राहतात. वाइन द्राक्षाला चालते. खायच्या द्राक्षाला नको, मेणाच्या थरात रुतलेली पांढरी पूड निघत नाही.

खायच्या द्राक्षाच्या बागायतदाराला सावली नवी नाही. थॉमसनच्या घडांना कागद बांधणं, पश्चिमेला जुन्या साड्या ताणणं हे तो करतोच. पिंक बेरी, म्हणजे मण्यावर चढणारी गुलाबी छटा, आणि सनबर्न टाळायला, हिरवा रंग राखायला. थॉमसनला स्वतःचा असा वासच फारसा नाही, त्यामुळे कागदाच्या अंधारात त्याचं काही हरवत नाही. आपल्याकडे सावलीचं सगळं शहाणपण रंगापुरतं राहिलं ते यामुळे. तोच कागद मस्कतच्या किंवा पुण्याच्या आघारकर संस्थेच्या, कटॉबा या वासाच्या जातीपासून आलेल्या एआरआय-५१६च्या घडावर चढवायचा असेल तर आधी चार ओळींवर करून, साल चावून बघावं. चीनमधल्या तुरफानचे लोक घड उन्हात पिकवतात आणि बेदाणा मात्र जाळीदार विटांच्या अंधाऱ्या घरात वाळवतात. तासगावची बेदाण्याची शेडही त्याच जातकुळीची. तिथेही राखायचा असतो तो रंगच.

सावलीचा परिणाम मोजायला इन्फ्रारेड तापमापक पुरतो, पण तो धरण्यात चूक होते. दोन हात लांबून धरला तर तो घडाबरोबर मागची पानंही मोजतो आणि आकडा सुखद येतो. वीतभर अंतरावरून, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान, ओळीच्या दोन्ही बाजूंचे वीस-वीस घड मोजावेत, जाळीखालचे आणि उघडे. दुपारी बाराला मोजू नये. तेव्हा पश्चिमेची बाजू अजून तापायची असते.

काढणी झाली की जाळी लगेच उतरवावी, पुढच्या हंगामापर्यंत टांगून ठेवू नये. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर चाळीस ते साठ-सत्तर दिवसांत नव्या काडीच्या डोळ्यांत पुढच्या वर्षीचे सूक्ष्म घड तयार होतात, आणि त्या डोळ्यांना पूर्ण ऊन लागतं. जाळी तेव्हा वर राहिली तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर काडीवर घडाच्या जागी नुसती बाळी, म्हणजे वेलीचा ताणा, निघते. धुऊन, वाळवून, गुंडाळून जाळी शेडच्या अंधारात ठेवावी.